मीठ आधी, गोड शेवटी: घरच्या निखाऱ्यावरची तेरियाकी कोंबडी

चंद्रपूरच्या भोवती जमीन खणली की कोळसा लागतो. घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर ही गावे खाणींमुळे नकाशावर ठळक झाली आणि शहराला लागून २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. पण अंगणात जाळी मांडून कोंबडी भाजायची असेल, तर या खाणीतल्या कोळशाचा एक तुकडाही कामाचा नाही. दगडी कोळसा पेटला की त्यातले गंधक वायुरूपाने बाहेर पडते, डांबरी धूर निघतो आणि पारा, आर्सेनिक यांसारखे घटकही थोडेफार धुरात उतरतात. झाकलेल्या भांड्याखाली या कोळशाच्या शेगड्या पेटवणेसुद्धा घरातल्यांच्या छातीला बाधते. उघडे मांस तर त्या धुरावर कधीच धरू नये. भाजायला हवा तो लाकडी कोळसा.

कोळसा बरोबर निवडला तरी तेरियाकीची दुसरी अडचण उरते. सोया सॉस, साखर, आले, लसूण सगळे एकत्र कालवून कोंबडी त्यात रात्रभर ठेवायची आणि सकाळी निखाऱ्यावर घालायची, अशी कृती सगळीकडे सांगितली जाते. ती तशीच केली तर पाच-सात मिनिटांत तुकडे काळे पडतात, घरभर करपल्याचा वास सुटतो आणि हाडाजवळ सुरी घातली तर आत गुलाबी कच्चे मांस दिसते. मग दोष कोळशाला दिला जातो, नाहीतर कोंबडीला. खरे कारण साखर आहे. मीठ मांसात आत शिरते, साखर वरच्या थरात अडकून राहते आणि विस्तवाची पहिली धग तिलाच लागते. म्हणून मीठ आधी आणि गोड शेवटी. एवढा क्रम पाळला, तर बाकी बहुतेक गोष्टी आपल्या गावात मिळणाऱ्या जिनसांवर भागतात.

जपानची मासळी, सिएटलची कोंबडी

तेरियाकीचे मूळ जपानमध्ये आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, तिथल्या शहरांमध्ये सोया सॉस आणि मिरिन नावाची तांदळाची गोड दारू सर्रास मिळू लागली. मासा निखाऱ्यावर भाजत आला की या दोन्हींचे आटवलेले मिश्रण त्यावर पुन्हा पुन्हा फासायचे. पाणी उडून जाते, साखरेचा पातळ चकचकीत थर बसतो. जुन्या पद्धतीत मासा तासन्‌तास मुरवत नसत. सॉसला जागा मिळे ती भाजण्याच्या शेवटच्या टप्प्यात.

पुढे हा पदार्थ समुद्र ओलांडून गेला. १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने हवाईच्या ऊसमळ्यांवर कामाला गेले. तिथे साखर मुबलक होती, अननस होता, आणि मिरिनची जागा या दोघांनी घेतली. १९७६ मध्ये तोशिहिरो कासाहारा यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरात एक छोटे उपाहारगृह काढले. तिथे भाजलेली कोंबडी, भात आणि गोडसर सॉस स्वस्तात मिळे. त्या शहराने हा पदार्थ इतका आपलासा केला की गल्लोगल्ली तशी दुकाने निघाली. आज जगभर तेरियाकी म्हणून जी कोंबडी ओळखली जाते, ती बरीचशी या दुसऱ्या घराण्यातली आहे. आधी मुरवण्याची आणि सॉस दाट करण्याची सवयही त्याच वाटेने आली. जिथे गेला तिथल्या साखरेवर हा पदार्थ वाढला आहे. चंद्रपूरशेजारच्या गडचिरोलीच्या गावात तो गुळावर किंवा मोहफुलांवर केला, तर त्यात नियमभंग असा काही होत नाही.

आत काय शिरते, वर काय राहते

मुरवणे म्हणजे सगळा मसाला मांसाच्या गाभ्यापर्यंत पोचवणे, असा समज आहे. प्रत्यक्षात आत खोलवर जाते ते मुख्यतः मीठ. त्याचे सोडियम आणि क्लोराइड हे कण लहान असतात आणि मांसातल्या पाण्यातून सावकाश सरकत राहतात. काही तासांत ते सेंटिमीटरभर आत जातात आणि तिथल्या प्रथिनांची घडण थोडी सैल करतात. सैल झालेली प्रथिने भाजताना कमी आकसतात, पाणी धरून ठेवतात. मीठ लावून ठेवलेली कोंबडी रसाळ लागते ती यामुळे.

आले-लसणाचा स्वाद, मिरीचा तिखटपणा, साखरेचा गोडवा यांचे रेणू मोठे असतात, काही तेलातच विरघळणारे असतात. रात्रभर ठेवले तरी ते वरच्या दोन-तीन मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत. त्यात वाईट काही नाही, कारण घास घेताना जिभेला आधी लागतो तो वरचाच थर. मात्र त्यांना पोचवण्यासाठी दोन दोन दिवस कोंबडी बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. मांडीच्या तुकड्यांना चार ते आठ तास पुरतात. चोवीस तासांच्या पुढे गेले की मांस घट्ट, खारवलेल्या हॅमसारखे होऊ लागते.

आंबटाचे काम वेगळे. लिंबू, चिंच, दही, अंबाडी किंवा भामरागडकडे खाल्ली जाणारी लाल मुंग्यांची चटणी, या सगळ्यांतली आम्ले प्रथिनांचा वरचा थर बदलतात. थोडे आंबट चव उजळवते; जास्त झाले की पृष्ठभाग पिठूळ होतो. कच्च्या पपईतले पपेन आणि ताज्या अननसातले ब्रोमेलेन ही तर प्रथिने तोडणारी विकरेच आहेत. अर्धा तास त्यांनी तुकडे मऊ होतात, रात्रभर ठेवले तर त्यांचा लगदा होतो. ब्रॉयलर कोंबडी मुळातच मऊ असते, तिला पपईची गरज नाही.

सोया सॉसची बाटली

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या तालुक्यांत, कापसाच्या जोडीला सोयाबीनची शेते दिसतात. ते सोयाबीन तेलाच्या आणि ढेपेच्या उद्योगाकडे जाते. सोया सॉस मात्र आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांनी आणला, आणि त्या वाटेने आलेला सॉस बहुधा दाट, काळाकुट्ट असतो. बाटली उलटी करून मागची घटकयादी वाचावी. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच लिहिले असेल तर तो आंबवून केलेला सॉस. त्यात आस्परजिलस ओरायझी ही बुरशी सोयाबीन-गव्हातली प्रथिने आणि पिष्ट हळूहळू तोडते आणि मिठाच्या पाण्यात ते मिश्रण महिनोन्‌महिने मुरते. यादीत हायड्रोलाइज्ड प्रथिने, कॅरमेल रंग, साखर दिसली तर तो झटपट केलेला सॉस. तोही चालतो, पण तो लवकर करपतो आणि चव एकसुरी लागते.

आंबवण्यातून दोन गोष्टी मिळतात. पहिली, ग्लुटामेट. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या कढणातून ते वेगळे केले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्यात न बसणाऱ्या त्या रसदार चवीला उमामी असे नाव दिले. दुसरी, सुटी अमिनो आम्ले. तापलेल्या पृष्ठभागावर ही आम्ले साखरेशी संयोग पावतात आणि भाजल्याचा तो खमंग तपकिरी रंग व वास तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. भाकरीवरचे डाग, भाजलेली कॉफी, तव्यावरचा खरपूस तुकडा, सगळीकडे तीच क्रिया. सोया सॉस लावलेली कोंबडी साध्या मिठाच्या कोंबडीपेक्षा लवकर रंग धरते ते यामुळे.

आता मिठाचा हिशोब. आंबवलेल्या सॉसमध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १६ ग्रॅम मीठ असते. एक किलो कोंबडीला ८० मिलिलिटर सॉस लावला तर सुमारे १३ ग्रॅम मीठ झाले, म्हणजे मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. चव यायला एवढे पुरते. याच्यावर वेगळे मीठ घालू नये. पुढे सॉसच्या लेपातूनही मीठ येणार आहे.

दारूबंदीच्या जिल्ह्यातला गोडवा

जपानी कृतीत मिरिन लागते. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून तिथे दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे बंदी होती. तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात मिरिनची बाटली शोधत बसण्यापेक्षा ती काय काम करते हे पाहावे आणि ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावे.

मिरिनची कामे तीन: गोडवा, चकाकी, आणि मांसाचा किंवा माशाचा उग्र वास दाबणे. गोडवा आणि चकाकी साखरेतून येतात. वासाचे काम आले आणि थोडे आंबट पार पाडते. साधी पांढरी साखर गोड करते, पण तिच्या रेणूची रचना अशी असते की अमिनो आम्लांशी तिचा थेट संयोग होत नाही. आधी तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. गुळात हे तुकडे काही प्रमाणात तयार असतात, शिवाय खनिजे आणि उसाच्या रसाचा स्वाद असतो. म्हणून गुळाचा लेप साखरेच्या लेपापेक्षा गडद आणि खोल चवीचा होतो.

त्याहून खास इथलेच म्हणायचे तर मोहफूल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडतो, आणि अस्वलांच्या आधी तिथे पोचायचे म्हणून बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक साखर असते, आणि तिचा मोठा भाग ग्लुकोज-फ्रुक्टोज या रूपात असतो. मोह म्हटले की दारूच आठवते, पण मोहाचे लाडू, उकडलेला मोह हे खाणे इथे जुने आहे. पाक करायचा तर आठवडी बाजारातून स्वच्छ वाळलेली फुले आणावीत, आतले केसर काढून दोन-तीन पाण्यांत धुवावीत. दोन वाट्या फुले चार वाट्या पाण्यात तासभर भिजवून वीस मिनिटे उकळावीत, गाळावीत आणि ते पाणी मधासारखे होईपर्यंत आटवावे. मोहाचा वास उग्र असतो, म्हणून पहिल्यांदा अर्धा गूळ आणि अर्धा मोहाचा पाक असे प्रमाण घ्यावे. फुलांवर रानटी यीस्ट असते. न आटवलेले पाणी उन्हाळ्यात बाहेर राहिले तर ते आंबायला वेळ लागत नाही. तेव्हा पाक त्याच दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवावा.

लेपाचे प्रमाण असे: सोया सॉस ६० मिलिलिटर, किसलेला गूळ ८० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी, किसलेले आले एक चमचा, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर एक मोठा चमचा. गूळ विरघळला की गाळून घ्यावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळावे. पळीच्या पाठीवर पातळ थर धरून राहिला आणि त्यातून बोट फिरवल्यावर रेघ उमटली की उतरवावे. गार झाल्यावर हा लेप आणखी दाटतो, त्यामुळे कढईत असतानाच फार आटवू नये. कॉर्नफ्लोअर घालायची गरज नाही. त्याने दाटपणा येतो, पण विस्तवावर पिठाचा थर आधी करपतो.

विदर्भातला हात मसाल्याकडे वळतोच. सावजी वाटण किंवा गरम मसाला या लेपात घातला तर बारीक पूड निखाऱ्यावर जळून कडू होते. तिखट हवेच असेल तर एक-दोन भिवापुरी मिरच्या अख्ख्याच लेपात उकळाव्यात आणि नंतर काढून टाकाव्यात.

कोणती कोंबडी

चिकन सेंटरवर मिळणारी ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपासची, साधारण दोन किलोंची असते. तिच्या स्नायूंना धावपळ ठाऊक नसते, जोडऊती कोवळी असते, त्यामुळे ती झटपट भाजून होते. गावरान कोंबडी वर्षभर अंगणात उकिरडा उकरत फिरलेली असते. तिच्या मांसात कोलॅजन जास्त आणि पक्के असते. ते विरघळून मऊ व्हायला ओल्या उष्णतेत बराच वेळ लागतो, निखाऱ्यावरच्या वीस मिनिटांत ते होत नाही. रस्सा तिचाच चांगला लागतो आणि जाळीवर ती चिवट होते ते यामुळेच. गावरानच भाजायची असेल तर आधी आले आणि थोडा सोया सॉस घातलेल्या पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवावी, कोरडी करावी आणि मग निखाऱ्यावर फक्त रंग आणि लेप द्यावा. परसातल्या पालनासाठी हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्रात वनराजा ही जात तयार झाली. अशा कोंबड्या जितक्या वयाने वाढतात, तितकी त्यांना गावरानची पद्धत लागू पडते.

ब्रॉयलरमध्येही छातीपेक्षा मांडी घ्यावी. छातीत चरबी नगण्य असते, दोन मिनिटे जास्त झाली की ती कोरडी होते. मांडीत चरबी आणि जोडऊती असल्याने ती चूक पोटात घालते. कातडीसह मिळाली तर उत्तम, कारण कातडीखालची चरबी मांसाला झळीपासून वाचवते. कातडी काढलेलीच मिळाली तर भाजण्याआधी तेलाचा हात फिरवावा. तुकडा हाडासकट असेल तर दोन्ही बाजूंनी हाडापर्यंत दोन तिरक्या चिरा द्याव्यात.

पंचेचाळीस अंशांतले मुरवणे

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात बरेच रोगजंतू वाढतात आणि अनुकूल स्थितीत काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. सोया सॉसमध्ये मीठ आहे म्हणून कोंबडी टिकेल, हा भ्रम आहे. सव्वा टक्का मीठ जिवाणूंना थांबवत नाही. म्हणून कोंबडी मुरते ती फ्रीजमध्येच. उन्हाळ्यात कच्चे किंवा शिजलेले मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. वीज जाण्याची शक्यता असेल तर बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा तयार ठेवावा. दुकानातून आणतानाही पिशवी दुचाकीच्या हँडलला उन्हात लटकवून गावभर फिरू नये.

मुरवण्यासाठी एक किलो तुकड्यांना ८० मिलिलिटर सोया सॉस, किसलेले आले आणि लसूण एकेक मोठा चमचा, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा तेल. यात गोड काही नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून ठेवावे. अॅल्युमिनियमला खारट-आंबट मिश्रण खाते. कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची सवय सोडलेली बरी, कारण शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. उरलेले मुरवणीचे पाणी टाकून द्यावे. शेवटचा लेप हा वेगळा, स्वच्छ भांड्यात केलेला असतो आणि कच्च्या मांसाला लागलेला ब्रश त्यात बुडवायचा नसतो.

निखारे

लाकडी कोळसा म्हणजे हवा कमी ठेवून जाळलेले लाकूड. त्यातले पाणी आणि धुराचे बहुतेक पदार्थ आधीच निघून गेलेले असतात, म्हणून तो जवळजवळ बिनधुराचा आणि एकसारखा तापतो. बाजारात मिळणारा कोळसा पुष्कळदा बाभळीचा असतो. जड, ठोकल्यावर खणखणणारा तुकडा चांगला. हलका आणि भुसभुशीत तुकडा भरभर संपतो. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल धरतो, तेव्हा बंद डब्यात ठेवावा.

शेगडी नसली तरी लोखंडी घमेल्यात दोन बोटे वाळू पसरून किंवा विटांचा चौकोन मांडून काम होते. वरची जाळी लोखंडी किंवा स्टीलची असावी. कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये, तापल्यावर मुलाम्याची वाफ निघते आणि ती विषारी असते. पेटवायला रॉकेल, डिझेल नको, त्याचा वास मांसात उतरतो. दोन्ही बाजू कापलेल्या, खाली भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात कोळसा भरावा, तळाशी वर्तमानपत्राचे बोळे पेटवावेत. हवा खालून वर खेचली जाते आणि वीसेक मिनिटांत सगळे तुकडे लाल होऊन त्यांच्यावर राखेचा करडा थर येतो. तो थर आल्याशिवाय जाळी चढवू नये.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नयेत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. जाळीवर चार-पाच इंच उंचीवर तळहात धरून पाहावा: दोन-तीन सेकंदांत चटका बसून काढावा लागला तर आच तीव्र, पाच सेकंद धरवला तर मध्यम. तीव्र बाजू रंगासाठी, रिकामी बाजू आतून शिजण्यासाठी.

जागेबद्दल तीन गोष्टी. बंद खोलीत, गॅलरीच्या काचा लावून किंवा पावसात घरात आणून निखारे ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच मारतो. उन्हाळ्यात दुपारच्या वाऱ्यात भाजायला बसू नये; पूर्वेकडच्या धानपट्ट्यात घराजवळच तणसाचे ढीग असतात आणि त्यांना एक ठिणगी पुरते. आणि ताडोबाच्या बफरमधल्या गावात सहलीला गेलो म्हणून जंगलाच्या काठावर चूल मांडू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम. शिवाय हाडे आणि उरलेले मांस मागे टाकले की जनावरांना माणसांच्या जागेची सवय लागते.

भाजताना

तुकडे अर्धा तास आधी फ्रीजमधून काढावेत आणि कापडाने टिपून कोरडे करावेत. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तो १०० अंशांच्या वर तापत नाही, आणि खमंग तपकिरी रंगाची क्रिया वेगाने होते ती १४० अंशांच्या पुढे. ओला तुकडा आधी वाफेवर शिजत राहतो, रंगाला उशीर होतो. बांबूच्या काड्यांना ओवायचे असेल तर काड्या अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात. काड्यांसाठी इथे बाहेर बघायची गरज नाही: धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हापासून या भागातला बांबू देशभर चर्चेत आहे.

आधी तीव्र बाजूवर प्रत्येक अंगाने दोन-तीन मिनिटे, फक्त रंग धरेपर्यंत. चरबी टपकून ज्वाळा उठल्या तर तुकडा लगेच रिकाम्या बाजूला सरकवावा, ज्वाळांवर पाणी मारू नये. ज्वाळेत काळवंडलेल्या चरबीच्या धुरात पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची घातक संयुगे असतात, म्हणून काळा भाग काढून टाकणेच शहाणपणाचे. मग रिकाम्या बाजूवर वर एखादी पातेली उपडी झाकून तुकडे शिजू द्यावेत: बिनहाडाच्या मांडीला आठ-दहा मिनिटे, हाडासकट तुकड्याला पंचवीस ते तीस मिनिटे.

शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज झिरपून पूर्ण शिजलेले मांसही कधी कधी हाडाजवळ लालसर दिसते, आणि कधी पांढरे दिसणारे मांस कच्चे असते. स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. ७४ अंश दिसले की खाण्यास सुरक्षित. मांडी ८० अंशांपर्यंत नेली तर आणखी मऊ लागते, कारण तिचे कोलॅजन तेव्हा विरघळू लागते.

लेपाची वेळ याच्या थोडी आधी येते. आतले तापमान ६५-७० झाले की पहिला हात फिरवावा, मध्यम आचेवर आणून मिनिटभर ठेवावे, उलटून दुसऱ्या बाजूला. असे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात दिला तर तो ओघळून निखाऱ्यावर पडतो. प्रत्येक हाताबरोबर पाणी उडते, साखर दाटते आणि थरावर थर चढत जातो. लेपाला बारीक बुडबुडे येऊन तो चिकट झाला की थांबावे. बुडबुड्यांचा रंग तांबड्याकडून काळ्याकडे वळू लागला तर उशीर झालाच. या टप्प्याला सगळे मिळून पाच-सहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ जाळीपासून हलू नये. उतरवल्यावर पाच मिनिटे तुकडे तसेच राहू द्यावेत, म्हणजे आतला रस स्थिरावतो आणि सुरी लावल्यावर ताटात वाहून जात नाही. वरून तीळ घालायची जपानी रीत आहे. गडचिरोलीच्या जंगलातली चारोळी कोरडी भाजून घातली तर तिचा तेलकट गोडवा गुळाच्या लेपाशी जास्त जुळतो.

भात, आणि मग मासे

तेरियाकीखाली भात हवा, कारण ओघळलेला सॉस त्यात मुरला पाहिजे. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो. आपल्याकडे एचएमटी आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, जपून, पुन्हा पेरून हे वाण उभे केले आणि त्याला घड्याळाचे नाव दिले. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचा बारीक, मऊ दाणा आता त्यांच्या जिल्ह्याबाहेरही दूरवर पिकतो. या भाताला नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी ठेवून तो किंचित ओलसर उतरवावा. फडफडीत भातातून सॉस ताटाच्या तळाशी जातो. पावसाळ्यात सोबत वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी करता येते. मात्र कोंब आधी उकळून ते पाणी फेकावे लागते, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात.

एकदा क्रम हाताला बसला की हा लेप त्याच्या मूळ जागी, माशावर, लावून पाहावा. धानपट्ट्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत रोहू, कतला, मरळ मिळतात. मासा पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवण्याची रीत जंगलातल्या गावांना परकी नाही, आणि विदर्भात पानगेही याच पानांत भाजले जातात. पान आतली वाफ धरून ठेवते, त्यामुळे मासा १०० अंशांच्या आसपास ओल्या उष्णतेत शिजतो, फुटत नाही आणि कोरडाही पडत नाही. पण त्याला रंग येत नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने नसतात, म्हणून हा बेत वैशाखानंतरचा. माशाच्या जाड कापांना सोया सॉस आणि आले लावून वीस मिनिटे ठेवावे, एवढ्यात मीठ पुरेसे आत जाते. दोन पानांत बांधून मंद निखाऱ्यावर प्रत्येक बाजूने पाच मिनिटे शिजवावे. मग पान सोडून कापे तेल लावलेल्या जाळीवर घ्यावीत आणि गुळाच्या लेपाचे दोन हात द्यावेत. माशाचे मांस कोंबडीपेक्षा लवकर शिजते, म्हणून लेपाला येथे तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये.